ग्लास थरथरला नाही

मंगळवार, डोंबिवली

आज ठाण्याला नर्सच्या इंटरव्ह्यूत ग्लास थरथरला नाही. एवढं तरी लिहून ठेवते. गेल्या वेळी कल्याणच्या हॉस्पिटलात पाणी टेबलभर सांडलेलं, आणि मॅडम म्हणालेल्या, "आवाजच फुटत नाही तुझा, पेशंटला काय सांभाळणार?" तेव्हापासून रोज आई मेट्रन बनून समोर बसते, हातात ग्लास देते आणि मला बोलायला लावते.

आज खऱ्या मेट्रननी विचारलं, "आधीची नोकरी का सोडलीस?" मी पाणी प्यायले, ग्लास नीट खाली ठेवला आणि सरळ सांगितलं, "डबल ड्युटी लावायचे, सुट्टी द्यायचे नाहीत." त्या शेजारच्या सरांकडे बघून हसल्या. "बोलायला फार येतं हिला. उद्या आमच्याशीपण भांडेल."

घेतलं कुणाला? माझ्यानंतरच्या खडवलीच्या मुलीला. बाहेर बाकावर नुसती कापत होती, मीच तिचा हात धरून बसलेले. रडतच बाहेर आली. "ताई, तोंडच उघडलं नाही माझं." थोड्या वेळाने तिलाच परत आत बोलावलं, नोकरी द्यायला.

आई म्हणतेय, "जाऊ दे गं, उद्यापासून परत प्रॅक्टिस करू."

कशाची? ग्लास थरथरवायची?