इंदूबाई आणि दुकानातला कूलर

२१ एप्रिल, सोमवार
चव्वेचाळीस डिग्री! सकाळी आलेल्या जरबेरानं दुपारी माना टाकल्या. कूलर बंद करायची सोय नाही. इंदूबाई म्हणाली, "ताई, कूलरच्या पत्र्याले हात लावला का झिणझिण्या येऊन राहिल्या." मी लावून पाहिला – काही नाही.
"तुमच्या पायात चप्पल हाये ना!"
ती दुकानात अनवाणीच असते. देवाची फुलं, म्हणते. आणि खाली बादल्यांचं पाणी सांडलेलंच.

२३ एप्रिल
नागसेन इलेक्ट्रिशियनला फोन केला. उद्या येतो म्हणाला, पण दोन तास लाईन बंद ठेवावी लागेल. उद्याच मनीषनगरच्या लग्नाची फुलं द्यायची आहेत – चारशे गुलाब! "रविवारी या," म्हटलं.
इंदूबाईसाठी रबरी चपला आणल्या. तिनं दाराशीच काढून ठेवल्या. मी हसले.

२४ एप्रिल
लिहवत नाही.

२८ एप्रिल
गुरुवारी दुपारी मी फोनवर ऑर्डर घेत होते. इंदूबाई कूलरमध्ये पाणी भरायला गेली. ओरडली नाही. बादली पडल्याचा आवाज आला, वाटलं घसरली. धावले – तर हात पत्र्याला चिकटलेला. मेन स्विच कुठे आहे तेच आठवेना! शेजारच्या दुकानातल्या मोहितनं येऊन बंद केला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.
नऊ वर्षं होती माझ्याकडे. हार गुंफायला मला तिनंच शिकवलं.
पोलिसांनी विचारलं, कूलरचा आधी कधी शॉक बसला होता का? "नाही," मी म्हणाले. लगेच. वरून हेही – "चप्पल घाल म्हणत होते, ऐकायची नाही."

२ मे
नागसेन आला. कूलर उघडला. अर्थिंगची वायर तुटून लोंबत होती. माझ्याकडे न बघता म्हणाला, "रविवार लई लांब झाला, ताई."

६ मे
तेरवीला उमरेडला गेले. तिथून ती रोज बसनं यायची. तिचा नवरा बबनराव – आधी हातमागावर बसायचे, आता डोळ्यांना दिसत नाही – माझ्यापुढे हात जोडून उभे!
"आमच्याच बाईचं चुकलं जी. तुम्ही चपला आणून देल्या, तिनं घातल्या नाही."
आग्रहानं जेवायला बसवलं. त्यांची मुलगी काजल वाढत होती. तिच्याकडे मान वर करून पाहता आलं नाही.

९ मे
काजल आईचा डबा न्यायला आली होती. तिला बसवून सगळं सांगितलं. झिणझिण्यांचं, रविवारचं, पोलिसांना काय बोलले तेही.
तिनं डबा मांडीवर घेतला. मग म्हणाली, "हे पोलिसाईले सांगता का?"
"हो," म्हटलं.
उद्या सकाळी दहाला ती येते. दोघी पोलीस ठाण्यात जाणार आहोत.