बेचाळीस अर्ज आणि एक बाटली

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (उजवा पाय पट्ट्यांत गुंडाळून वर टांगलेला असल्यामुळे आठातली एकदोन अंगं तूर्त कमी पडताहेत, ती मनाने घातली आहेत असं समजावं.) तुझी तब्येत ठणठणीत असणारच. जो माणूस साबण वापरण्याआधी साबणच धुऊन घेतो, त्याच्या वाटेला जायची कुठल्या रोगाची छाती आहे? वहिनींचा गुडघा काय म्हणतो? अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून तुला वाटेल, पाकीट चुकून आलं. चुकून नाही आलेलं. चष्मा लाव, खुर्चीत नीट बस, आणि हेडमास्तर होतास म्हणून लगेच लाल पेन उघडू नकोस, चुका औषधांमुळे झालेल्या आहेत. शिवाय मी दवाखान्यातून लिहितोय म्हणून कागद चिमट्याने धरायचीही गरज नाही. वाचून झाल्यावर हात धुतलेस की पुरे, असं इथल्या डॉक्टरीणबाईंनी खात्रीने सांगितलंय. (तू चिमटा घेतलाच असशील. असू दे.)

तर झालं असं, की दोन महिन्यांपूर्वी मी माळ्यावरून जुन्या कागदांचं एक गाठोडं काढायला स्टुलावर चढलो. गाठोडं कसलं, ते पुढे सांगतो. आधी गाठोडं खाली आलं, पाठोपाठ मी आलो, आणि स्टूल तेवढं जागच्या जागी ताठ उभं राहिलं. (ते तू दिलेलंच स्टूल. गुण जातात कुठे?) नडगीचे दोन तुकडे झाले. हाडांच्या डॉक्टरांनी आत पट्टी घातली, सात स्क्रू पिळले आणि म्हणाले, काका, दीड महिन्यात पळायला लागाल. पळायला लागलो नाही, पण पाचव्या दिवशी टाके लाल झाले, सातव्या दिवशी पू आला आणि ताप असा चढला की मी मोठ्या सिस्टरना वहिनी समजून चहात साखर कमी आहे म्हणून सांगितलं. सिस्टरनी ते तक्रारवहीत लिहून घेतलं.

आता गंमत बघ. बत्तीस वर्षं मी नगरपालिकेच्या ड्रेनेज खात्यात काढली. चेंबरमध्ये कमरेपर्यंत उतरलो, तुंबलेल्या लाइनीत काय काय हाताने काढलं ते तुला जेवणाआधी सांगू नये, पण मला कधी साधी शिंक आली नाही. आणि जिथे फरशी दिवसातून सहा वेळा पुसतात, भिंतींनासुद्धा औषधाचा वास येतो, तिथे येऊन मला जंतू चिकटला! तोही असातसा नाही. एक औषध दिलं, दुसरं दिलं, दोन एकत्र दिली, मग एक महागडं कपाटातलं काढलं, त्याने जंतूला काही झालं नाही, माझी किडनी मात्र कुरकुरायला लागली म्हणून तेही बंद केलं. इथे जंतूंचं काम बघणाऱ्या एक तरुण डॉक्टर आहेत. मी त्यांना जंतूबाई म्हणतो, तोंडावर म्हणतो, त्यांना चालतं. त्यांनी मला एका काचेच्या बशीचा फोटो दाखवला. बशीभर माझा जंतू वाढवलेला आणि त्यावर औषधांच्या छोट्या छोट्या चकत्या ठेवलेल्या. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती जंतू मरून गोल स्वच्छ कडं दिसतं म्हणे. माझ्या बशीत एकही कडं नव्हतं. जंतू चकत्यांना खेटून बसले होते, लग्नाच्या पंगतीत फुकटे पाहुणे बसतात तसे.

मी विचारलं, बाई, हे माझ्यामुळे झालं का? कारण मी जन्मभर सर्दी झाली की दोन गोळ्या घेऊन उरलेली पट्टी पुढच्या सर्दीसाठी डब्यात ठेवत आलोय. (तूही ठेवतोस. तारीख घालून ठेवतोस, एवढाच फरक.) त्यावर बाईंनी मला अर्धा तास असं फैलावर घेतलं की मला तुझी आठवण आली. मग म्हणाल्या, तुमचा हा जंतू मात्र इथला जुना रहिवासी आहे, आणि तो एवढा निर्ढावला त्याला तुमच्यासारख्या हजारो डब्यांचा हातभार आहे. थोडक्यात, दोष सगळ्यांचा आणि पाय माझा.

मला वेगळ्या खोलीत ठेवलंय. दारावर लाल पाटी. आत येणारा प्रत्येक जण झगा, हातमोजे, तोंडावर पट्टी असा येतो, त्यामुळे डोळ्यांवरून माणसं ओळखायला शिकलोय. माझं पेन खोलीबाहेर जात नाही, कप जात नाही, मीही जात नाही. तुझी भावजय रोज चारला येते, झगा उलटा घालते आणि मला रागावते. हाडांच्या डॉक्टरांनी परवा सांगितलं, की महिन्याभरात काही उपाय निघाला नाही तर पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. छत्री विसरलात का हो, असं विचारावं तितक्या सहज म्हणाले. दादा, तुझ्याशी खोटं कशाला बोलू, ते गेल्यावर मी चादर तोंडावर घेतली आणि रडलो.

पण जंतूबाई चिवट. त्या म्हणाल्या, एक वाट आहे. जंतू खाऊन जगणारे विषाणू असतात, माणसाला काही करत नाहीत, फक्त जंतूला खातात. पण प्रत्येकाचं गिऱ्हाईक ठरलेलं. एका जंतूवर जगणारा दुसऱ्याला तोंड लावत नाही. (जेवणाच्या बाबतीत अगदी तुझ्यासारखे.) माझ्या जंतूला खाणारा सापडला, तर तो वाढवायचा, शुद्ध करायचा, परवानगी काढायची आणि जखमेत सोडायचा. यश येईलच असं नाही, पण पाय वाचू शकतो. मी म्हटलं, मग मिळतो कुठे हा? बाई जरा संकोचून म्हणाल्या, गटारात.

दादा, मी उशीवरून उठलो! बाईंनी दवाखान्याची गटारं, बाजाराची, नदीकाठची, अकरा ठिकाणची पाणी आणून माझ्या जंतूवर घालून पाहिली होती. जंतू सगळी पिऊन ताजेतवाने झाले होते. मग त्यांनी मला विचारलं, काका, तुमच्या माहितीत एखादं खरंच घाणेरडं गटार आहे का? बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझं मत इतक्या आदराने कोणी विचारलं नव्हतं. मी डोळे मिटून अख्ख्या गावाच्या लाइनी आठवल्या आणि एकाच जागी येऊन थांबलो. तुझ्या स्वयंपाकघरामागचं उघडं गटार. या दवाखान्याच्या जुन्या इमारतीची लाइन नकाशात कुठेही नाही, पण ती तिथेच येऊन पडते, हे जिवंत माणसांत मला एकट्याला ठाऊक आहे. म्हणजे माझ्या जंतूचे काके-मामे तिथे वर्षानुवर्षं नांदताहेत, आणि त्यांना खाणारेही तिथेच असणार, असं बाई म्हणतात. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला दोनदा विचारलं, खरंच कधी साफ नाही झालं? मी अभिमानाने म्हटलं, कधीच नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की सोबत पाठवलेली बाटली तू भरून आणावीस. हातमोजे घालून, वरचं पाणी नको, कडेचं काळं, झाकण घट्ट, आणि बर्फात ठेवून दोन तासांत इथे. तुझा चेहरा मला इथून दिसतोय. मी हसत नाहीये. (हसतोय.) वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. एक अडचण राहिली. तुझ्या बेचाळिसाव्या अर्जाला यश येऊन ते गटार येत्या सोमवारी उपसून, औषध मारून बंद होणार आहे, असं कळलं. अभिनंदन. पण बाई म्हणतात, एका बाटलीवर भागेलच असं नाही, तेव्हा गटार महिनाभर तरी तसंच राहायला हवं. आणि काम पुढे ढकलायचं तर अर्जदारालाच लिहावं लागतं, हा नियम मीच केलेला आहे. तेव्हा ‘माझ्या घरामागील गटार कृपया साफ करू नये’ असा त्रेचाळिसावा अर्ज तुझ्या सुवाच्य अक्षरात टाकावा.

ता. क. २. गाठोड्याचं सांगायचं राहिलं. त्यात तुझे एकेचाळीस अर्ज होते, बेचाळिसावा मी निवृत्त झाल्यावर गेला. तू एकेक पाठवत होतास, ते माझ्याच टेबलावर येत होते आणि मी एकेक घरी आणत होतो. तुझ्या घरभरणीला तू पाहुण्यांना माझी ओळख ‘हा आमचा धाकटा, गटारात असतो’ अशी करून दिलीस आणि सगळे हसले, ते मला लागलं. मग मी म्हटलं, बस तू वास घेत. निवृत्त झाल्यावर लाज वाटायला लागली, म्हणून ते काढून नव्या साहेबांकडे न्यायला चढलो होतो. मी दवाखान्यात आल्यावर तुझ्या भावजयीने ते उचलून साहेबांच्या टेबलावर नेऊन आपटले. म्हणजे तुझं गटार तुंबलं माझ्यामुळे, सुटणार तेही माझ्यामुळे, आणि न सुटलं तर पाय वाचणार तोही माझा. वहिनींनी अकरा वर्षं खिडकी उघडली नाही, हे मला माहीत आहे. माझं चुकलं, दादा.

ता. क. ३. बाटली कोणीही भरू शकतं. जंतूबाईंचा माणूस बूट घालून तयारच होता, मीच त्याला शनिवारपर्यंत थांबवलंय. म्हटलं, माझा दादा आणेल. तू नाही आलास तर शनिवारी तो जाईल, त्यात काही बिघडत नाही. पण तू ये. बाटली नाही आणलीस तरी ये. झगा इथे मिळतो, हातमोजे मिळतात. आणि हात धुवायच्या बेसिनवरचा साबण मी सिस्टरना आधीच धुऊन ठेवायला सांगितलाय.