खिडकीतून उतरलेली बाई

आई, तुला सांगायला एक गोष्ट आणलीय. मी कुठूनही आले की तू पलंगावरून पहिला प्रश्न हाच विचारायचीस, काय पाहिलंस? शाळेतून आले तरी, नुसतं दळण घेऊन आले तरी. आणि मी सुरुवात करायचे ती गिरणीतल्या मांजरापासून. मग तू म्हणायचीस, "पाल्हाळ पुरे, मुद्द्यावर ये." अजून तशीच आहे मी. कॉलेज दोनदा धरलं, दोनदा सोडलं. आता जर्सी सिटीत एका मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपते, आणि लोक सुट्टीवर गेले की त्यांची घरं, झाडं, मांजरं सांभाळायला जाते. बाबा फोनवर नुसता सुस्कारा सोडतात. पण याच उद्योगामुळे या उन्हाळ्यात मला ॲमस्टरडॅमला, कालव्याच्या अगदी काठावर, एक घर राहायला मिळालं. आणि ती सोफ्यावाली मैत्रीण आपल्या आईला घेऊन मला भेटायला आली, शहर बघायला.

तिथली जुनी घरं अरुंद, उंच आणि रस्त्याकडे किंचित झुकलेली असतात, खाली कोण आलंय ते वाकून बघितल्यासारखी. प्रत्येकाच्या माथ्यावर एक लोखंडी आकडा. जिन्यातून सामान जातच नाही, म्हणून कपाट, पलंग, सगळं त्या आकड्याला दोर अडकवून खिडकीतून वर घेतात. आपण भाजीची पिशवी दोरीने खाली सोडायचो ना, तसंच, फक्त पिशवीत पियानो. पाण्यात एक काळा पक्षी प्लॅस्टिकचे चमचे, मास्क, चिप्सची पाकिटं गोळा करून घरटं बांधतो, ते बघण्यात माझी पहिली अख्खी सकाळ गेली. बरं, मुद्दा. माझं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि जिना म्हणजे शिडीच. कठड्याऐवजी भिंतीला जाडजूड दोर. मावशी, म्हणजे मैत्रिणीची आई, दोर ओढत ओढत वर आल्या, वळून खाली बघितलं आणि खुर्चीत बसल्या. "झालं. आता मी इथून हलत नाही. तुम्ही जा, मी खिडकीतून बघते."

मावशी काही भित्री बाई नव्हे. न्यू जर्सीच्या हॉस्पिटलात आयुष्यभर भूल देणारी डॉक्टर, आता रिटायर्ड. गुडघे गेलेत, पण जीभ धारदार आहे. मैत्रीण वैतागली, "आई, कमॉन! एवढा फ्लाइटचा प्रवास करून तू खुर्चीत बसणार? खालच्या मजल्यावरचा माणूस म्हणतोय, दोघं मिळून उचलून नेऊ."

"उचलून?" मावशी म्हणाल्या. "मी जन्मभर लोकांना स्ट्रेचरवर झोपवलं गं. झोपलेल्या माणसाशी लोक कसे बोलतात, मला माहितीये. त्याच्याशी बोलतच नाहीत. त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलतात."

आई, तुझं ते प्लॅस्टिकच्या खुर्चीतलं उतरणं मी जिन्याच्या कोपऱ्यातून पाहिलेलं आहे. साताऱ्याची आपली बिल्डिंग, लिफ्ट नाही, तुझ्या संधिवाताने हातपाय वाकलेले. मामाच्या लग्नाला जायचं म्हणून चार शेजारी तुला उचलतात. दुसऱ्या मजल्यावर खुर्ची टेकवतात आणि कुणीतरी म्हणतं, "वहिनी, लाडू कमी करा आता." सगळे हसतात. तूही हसतेस. तू हिरवी पैठणी नेसली आहेस आणि एक हात सारखा पदरावर ठेवला आहेस. लग्नाहून परत आल्यावर तू म्हणालीस, आता मी खाली उतरायची नाही. बाबांना वाटलं, दमलीय, दोन दिवसांनी विसरेल. तू विसरली नाहीस. नंतर तू गेलीस तोवर जग तुझ्याकडे यायचं ते खिडकीतून आणि माझ्या पाल्हाळातून.

तर मावशी दोन दिवस खिडकीत बसून राहिल्या. आम्ही दोघी फिरून यायचो, फोटो दाखवायचो, त्या "छान, छान" म्हणायच्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं विमान होतं. त्या सकाळी समोरच्या काठावर लाल गाडी येऊन थांबली. मैत्रीण ओरडली, "ओ माय गॉड, फायर!" पण धूर नव्हता, कुणी पळत नव्हतं. गाडीची शिडी हळूहळू उंच होत समोरच्या घराच्या वरच्या खिडकीला टेकली. खिडकी उघडली आणि तिच्यातून आडवी, पांघरुणात नीट गुंडाळलेली एक म्हातारी बाई बाहेर आली.

जिन्यातून आजारी माणूस आणता येत नाही, म्हणून तिथे अग्निशमनवाले असं उतरवतात, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी आम्हाला एवढंच दिसत होतं, की एक म्हातारी हवेतून खाली येतेय. शेजारी एक जवान उभा, त्याचा हात तिच्या खांद्यावर. खाली सायकलवाले एक पाय टेकून थांबलेले. एका बोटवाल्याने इंजिन बंद केलं. कुणी हसलं नाही, कुणी हळहळलंही नाही. झाडाच्या शेंड्यापाशी आल्यावर बाईने पांघरुणातून हात काढला आणि लांब कुठेतरी बोट दाखवलं. जवानाने मान वळवून तिकडे पाहिलं. काहीतरी बोलला. तीही बोलली. आई, अख्खं शहर त्या दोघांचं बोलणं संपायची वाट बघत होतं.

मावशी काचेला नाक लावून उभ्या होत्या. गाडी गेल्यावर म्हणाल्या, "केस विंचरून आलीय गं ती." मग थोड्या वेळाने, "ती आजारी आहे. मला काय झालंय? माझे बूट आण."

त्या उलट्या उतरल्या, जिन्याकडे तोंड करून, दोर धरून. मी खाली राहून त्यांचा पाय पायरीवर ठेवत होते, मैत्रीण वरून सूचना देत होती.

"आई, डोन्ट लुक डाउन!"

"मग काय तुझ्याकडे बघू? तू नको पडूस माझ्या अंगावर!"

वळणावर त्या सरळ पायरीवर बसल्या आणि घसरत घसरत, गुडघ्यांना, डच लोकांना आणि ही तिकिटं काढून देणाऱ्या जावयाला शिव्या देत खाली पोचल्या. उठून पँट झटकली. "कुठेय तुमची बोट?"

बोट पुलाखालून गेली तेव्हा एकदम गार झालं. पलीकडे पुन्हा ऊन. पाण्याजवळून बघितलं तर ती झुकलेली घरं दुप्पट उंच वाटत होती, आणि प्रत्येक खिडकी उजळलेली. मावशींनी मान मागे टाकली, तोंड उघडं राहिलं. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "हे सगळं खालून बघायचं असतं होय."

आता जर्सी सिटीत मैत्रीण ऑफिसला गेलीय आणि मी सोफ्यावर बसून हे लिहितेय. हे कागद घडी घालून बॅगेच्या आतल्या कप्प्यात जातील, बाबांनाही दाखवणार नाही. तू विचारलंस, काय पाहिलंस, ते सांगून झालं. एकच राहिलं. त्या दिवशी, ती बाई उतरताना, मावशींचा पाय हातात धरलेला असताना, बोटीत, तू मला एकदाही आठवली नाहीस. मी नुसती बघत होते.