दांडीवरचं कुंकू

११ सप्टेंबर २००३
"दांडी धर, माझा हात नको. लोक बघतात." लग्नानंतर पहिल्यांदा कळवणला माहेरी निघालो होतो, एसटीत बसायला जागा नव्हती, तेव्हा हे म्हणाले होते. आज सारखं आठवतंय. कारण सातपूरच्या आमच्या शेडमध्ये आता दांड्याच होणार. दिल्लीच्या नव्या मेट्रो रेल्वेच्या डब्यांत उभ्या माणसांनी धरायच्या, स्टीलच्या. नमुना पास झाला तर ऑर्डर आपली. जेवताना पोळीची गुंडाळी करून ह्यांनी वाक कसा द्यायचा ते दाखवलं. इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

४ ऑक्टोबर, खंडेनवमी
शेडमध्ये यंत्रांची पूजा. मी ताट घेऊन दाराशी. तयार नमुना ह्यांनी पाटावर ठेवला. "ही आपली तलवार!" स्वतः कुंकवाचं स्वस्तिक काढलं, वर नारळ फोडला. पाणी दांडीवरून ओघळलं. पुसलं कुणीच नाही. दसरा होईपर्यंत पूजेचं कुंकू पुसायचं नसतं.

७ ऑक्टोबर
नमुना नापास.
ह्यांच्याकडून नाही कळलं. पॉलिशवाला रामदास जेवणाचा डबा परत द्यायला आला होता. "वहिनी, कुंकू पार आत मुरलं. लाल झाक जाईना. मग शेठनी लय घासलं, तर तेवढाच पट्टा चकाकला. कंपनीला तर सगळी दांडी बिनचमकीची पाहिजे." मग चप्पल घालता घालता, खाली बघत, "कंपनीवाल्यांनी इचारलं, हे काय? शेठ म्हणले, बायकोनं केलं. घरच्या बाया ऐकत नाय. समदे हसले."
पूजेचं ताट घासलं. ते मात्र लख्ख निघालं.

९ ऑक्टोबर
धाकट्या दिरांचा फोन. "काय वहिनी, आता इंजिनाची ओटी भरा!" हे समोरच पेपर वाचत होते. वाटलं, आता तरी फोन घेतील, सांगतील. पान उलटलं.

२० फेब्रुवारी २००४
ऑर्डर पलीकडच्या गल्लीतल्या कारखान्याला गेली. शेड भाड्याने दिली. हे त्याच कारखान्यात सुपरवायझर. दांड्या त्याच, दुसऱ्याच्या.
आमचं बोलणं आता मीठ, गॅस, लाइट बिल. दिवाळी अंकासाठी कथा लिहायला घेतलीय. त्यातल्या नवऱ्याला वाईट केलं की खोटं वाटतं. चांगलं करू म्हटलं तर पेन...

८ जानेवारी २००६
पेपरात फोटो. नवी गाडी, शहराच्या या टोकापासून त्या टोकाला. दांडी धरून उभी माणसं. हे फोटोतल्या दांडीवरून अंगठा फिरवत होते, वाक बघत असावेत. मी दिसताच, "रद्दीत टाक." राग यायला हवा होता. ह्यांची दया आली, त्याचाच राग आला.
मार्चमध्ये भाचीचं लग्न, दिल्लीलाच. ती गाडी टळायची नाही. डब्यात गर्दी असणार. हे दांडीकडे बोट करतील. तेव्हा काय म्हणायचं ते जुळवून ठेवलंय. नाहीच म्हणतील, माहीत आहे. लोक बघतात म्हणतील. तरी म्हणणार:
अहो, चारचौघांत माझं नाव पुढे केलंत, मी गप्प राहिले. आता चारचौघांत हात द्या. दांडी मी नाही धरणार.