कंबरेवरचा हात

प्रिय क्लाइव्ह,

आज सहलीच्या पाहुण्यांना घेऊन किंबर्लीतल्या त्याच घळीत गेले. ओढ्याशी गाडी थांबवली. तू गेल्यापासून खोली बघायला पाण्यात आधी मीच उतरते. हात गुडघ्यावर ठेवला तर गाडी आणायची, कंबरेवर ठेवला तर थांबायचं, ही आपली खूण मी सगळ्यांना समजावली.

मागे बसलेल्या आजीबाई म्हणाल्या, "मग तो पलीकडचा माणूस आपल्याला थांबाच म्हणतोय की."

मला कुणीच दिसलं नाही. काठी घेऊन उतरले, तर पाणी जेमतेम गुडघाभर होतं. तरी गाडी मागे फिरवली.

त्या दिवशीही तुझा हात कंबरेवरच होता. "थेल्मे, एवढी घाई असेल तर पोहत जा," असं ओरडलासही. तंबू ठोकायला उशीर होत होता, म्हणून मी गाडी पाण्यात घातली. तिनं लोटलेल्या लाटेत तुझे पाय सुटले आणि तू पुन्हा वर आला नाहीस. चौकशीत मी सांगितलं, हात गुडघ्यावर होता. चूक तुझ्या नावावर गेली.

उद्या चौकशी अधिकाऱ्यांना खरं लिहून कळवते. मग तरी हात खाली घे. फार वर्षं उभा आहेस.

तुझी बहीण,
थेल्मा