नळीवरचा लाल दोरा

अहो,

उभ्या जन्मात तुमचं नाव घेतलं नाही, कागदावरही घेणार नाही. उद्या दसरा. तुमच्या माघारी पहिलाच. शेड झाडायला उघडली, तर खिळ्याला तुमची तपासणीची वही तशीच टांगलेली. तेवढ्यात धुळ्याच्या नानांचा, आपल्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाचा, निरोप आला: उद्या सोनं द्यायला येतो. झाडू तसाच टाकून लिहायला बसले. तुमच्याशी बोलल्याशिवाय त्यांच्यासमोर उभी कशी राहू?

आठवतं ना, पिंप्राळ्यात टर्बोची पहिली गाडी आपल्याच अंगणात आली ती? नानांचीच. चढावर ओढत नाही, म्हणत होते. तुम्ही बोनेटमध्ये डोकं घालून सांगायचात आणि मी पायरीवर बसून वहीत उतरवायची. मॅट्रिक झालेली बायको म्हणून किती मिरवलंत मला! मला कळल्याशिवाय पुढचं सांगायचा नाहीत. धुराच्या जोरावर टर्बोचा पंखा फिरतो, तो इंजिनात हवा कोंबतो. हवा जास्त झाली की ती बारीक नळीतून पत्र्याच्या डबीत जाते, डबी दांडा ढकलते, दांडा वेस्टगेटची झडप उघडतो आणि जादा धूर पंख्याला वळसा घालून निघून जातो.

"म्हणजे दूध वर यायला लागलं की झाकण सरकवायचं," मी म्हटलं.

"हेच लिही," तुम्ही हसून म्हणालात.

नानांच्या गाडीची झडप काजळीने उघडीच अडकली होती. तुम्ही ती सोडवलीत, नवी नळी घातलीत. सायकलच्या पंपाने डबीत हवा भरलीत आणि दांडा कसा सरकतो ते मला बोलावून दाखवलंत.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. तुम्ही झेंडू आणायला गेला होतात. मी पाने-पकडी पुजल्या, मग बोनेट वर करून नानांच्या गाडीला हळदकुंकू वाहिलं. देवीपुढचा लाल दोरा बांधायचा कुठे? रेडिएटरच्या पंख्याजवळ काही लोंबकळता कामा नये, हे तुमचंच सांगणं. म्हणून त्या बारीक नळीला सात वेढे घातले आणि गाठ दातांनी आवळली. सुटू नये म्हणून!

चारच दिवसांत शेजाऱ्यांकडे नानांचा फोन आला. गाडी नवी होती तेव्हा पळाली नाही इतकी पळते म्हणे. तुमच्या कपाळाला आठी पडली. इतकी कशी पळेल, एकदा बोलावून बघतो, म्हणालात. आणि मी काय म्हटलं? देवीची कृपा आहे, चांगल्यात खोट काढू नका. गाडी बोलावली नाहीत. का ऐकलंत हो माझं? गाडीच्या बाबतीत कधी कुणाचं ऐकलं नव्हतंत!

नाना काकूंना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी औरंगाबादला नेत होते. कन्नडच्या घाटात दाब सोसेना, इंजिनाच्या डोक्याखालचं हेड गॅस्केट उडालं आणि गाडी बंद पडली. काकू डोळ्याला पदर लावून दुपारभर रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिल्या. ऑपरेशनची तारीख हुकली ती हुकलीच, महिनाभर पुढे गेली.

गाडी ओढून अंगणात आणली. नाना शेजारी उभे. तुम्ही पंप लावलात, डबी ठीक. हाताने हलवून पाहिलंत, दांडा सुटा, कुठे अडकत नव्हता. नळी तुम्ही स्वतः नवी घातलेली, म्हणून ती शेवटी पाहिलीत. तिच्यावरून बोट फिरवत गेलात आणि मध्येच थांबलात.

"कात्री दे जरा."

मी दिली. काळा पडलेला दोरा कापून तुम्ही खिशात घातलात. नळीवर माझ्या सात वेढ्यांचे वळ होते. हवा डबीपर्यंत पोचलीच नव्हती; दूध उतू गेलं, झाकण सरकलं नाही. नानांनी विचारलं, काय निघालं?

"नळी दाबली गेली होती, नाना. माझ्याच हातून."

"मिस्तरी, तुमनावर मना भरोसा व्हता," नाना एवढंच म्हणाले. चहा न घेता गेले. मी कपबशा घेऊन दाराआड उभी होते, सगळं ऐकत. ते गेल्यावर सांगू, म्हटलं. मग जेवताना सांगू. मग राहूनच गेलं. पुन्हा तुमच्या हयातीत त्यांची एकही गाडी आपल्या अंगणात आली नाही.

त्याच संध्याकाळी तुम्ही वही पुढे केलीत. "लिही. डबी ठीक. दांडा सुटा. नळी दाबलेली." मग म्हणालात, "फिटरची चूक."

आणि फिटर म्हणजे तुम्हीच, तरी मी लिहिलं! माझ्या वळणदार अक्षरात. देवापुढे रोज जोडते त्याच हाताने. एकदा ओरडला असतात, तर अनवाणी धुळ्याला गेले असते. तुम्ही फक्त पुढच्या दसऱ्याला म्हणालात, "दोरा स्टिअरिंगला बांध."

मघाशी वही खाली घेतली. ती ओळ खोडली नाही, तुमच्या तोंडची आहे. तिच्याखाली लिहिलं: 'नळीला दोरा मी बांधला. मिस्तरींना ठाऊक होतं. चूक माझी.' आणि सही केली.

उद्या नाना सोनं पुढे करतील, पण मी हात पुढे करणार नाही. आधी वही त्यांच्या हातात देईन आणि ते वाचून होईपर्यंत अंगणात त्यांच्यासमोर उभी राहीन. दाराआड नाही. मग द्यावंसं वाटलं तर देतील.

तुमच्यामागे लपून राहिलेली,
तुमची सिंधू