अडीच तासांची नळी

ती. अक्का हिस धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकता येतं तेवढा, उरलेला मनाने.)

तुझा गुडघा काय म्हणतो, मोतीबिंदूची तारीख ठरली का, हे सगळं मी शांतपणे विचारणार होतो. पण अंगाची लाही झालेली असताना चौकशा सुचत नाहीत. तुझ्या लेकीबद्दल लिहितोय. ती तुझी लेक आहे हे आठवून शब्द जपून वापरतोय, नाहीतर कागद पेटला असता.

ज्या इस्पितळाच्या लॅबमध्ये मी चौतीस वर्षं स्लाइडी रंगवल्या, तिथली आता ती मुख्य. तिने एक यंत्र आणलंय. रोग्याच्या नमुन्यात वाढलेल्या यीस्टचा (म्हणजे बुरशीच्या जंतूचा) कण स्टीलच्या पट्टीवर फासायचा, पट्टी आत सरकवायची, की चहा निवायच्या आत जंतूचं नाव पडद्यावर! (कुळासकट.) त्या यंत्राला नाक नाही, अक्का. यीस्टच्या साईसारख्या पांढऱ्या ठिपक्यांना ताज्या पावाचा वास येतो, तो घेत मी म्हातारा झालो. आणि मला घड्याळ कधी लागलं नाही. जांभळा रंग स्लाइडवर मिनिटभर ठेवायचा, म्हणजे पाचवीच्या पुस्तकातली ओढ्याची कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत, मास्तरांच्याच चालीत. मग आयोडीन, पुन्हा तीच कविता. आता तिथे भिंतीवर पाटी लागलीय : 'कामाच्या वेळी कविता म्हणू नयेत.' निवृत्त झालो तरी मी अधूनमधून तिथे जाऊन बसतो, आणि साऱ्या लॅबमध्ये कविता म्हणणारा मी एकटा. मग सरळ माझा फोटोच लावायचा होता! त्यात घरी "मामा, तू" आणि तिथे चारचौघांत "सर, तुम्ही". अहोजाहो करून माणसाला किती लांब ढकलता येतं, ते तिच्याकडून शिकावं.

तर गेल्या सोमवारी ते दीडशहाणं यंत्र बंद पडलं. लगेच तिचा फोन. सर, जुन्या पद्धतीने बघून द्याल का? रक्ताच्या बाटलीत यीस्ट वाढलेलं, आणि रक्त कुणाचं? आपल्या कवितेच्या मास्तरांचं! (तुझ्या वहीवर 'चाल बरी, अर्थ बेपत्ता' असा शेरा मारणारे तेच.) नव्वदी उलटलेले मास्तर सात नंबरच्या खाटेवर तापाने फणफणलेले. यीस्टची जात कोणती यावर औषध ठरणार होतं, आणि ते चुकलं तर दुसरं देऊन बघू म्हणण्याइतकं तेल त्या दिव्यात उरलं नव्हतं.

पद्धत सोपी. यीस्टचा कण सीरमच्या नळीत घालून, अंगाइतक्या उबेच्या पेटीत अडीच तास ठेवायचा आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. पेशीला सरळ, गळा न आवळलेला कोंब फुटला तर अल्बिकन्स. ही नेहमीची, बहुधा नेहमीच्या औषधाने जाणारी. मात्र तीन तासांच्या वर ठेवायचं नाही. मग तिच्या चुलतबहिणीही कोंबासारखं काहीतरी काढून सोंग आणतात, फक्त त्याचा गळा मुळाशी आवळलेला असतो. (हे तिथे सगळ्यांना शिकवलं कुणी? मी!) मी बघितलं. कोंब होते! 'अल्बिकन्स' लिहिलं, सही ठोकली. औषध सुरू झालं.

दुसऱ्या सकाळी यंत्र उठून बसलं आणि त्याने सांगितलं, ट्रॉपिकॅलिस. चुलतबहीण! आणि या घराण्यातल्या काही नेहमीच्या औषधाला भीक घालत नाहीत. तुझ्या लेकीने माझ्या रिपोर्टवर लाल शाईने आडवी रेघ मारली, डॉक्टरांना कळवून औषध बदलायला लावलं, आणि लॅबमधल्या सगळ्या मुलींसमोर म्हणाली, "सर, नळी पेटीत ठेवल्याची वेळ वहीत लिहिली नाहीत तुम्ही." वेळ! चौतीस वर्षं जी मला तोंडपाठ आहे, ती! मी म्हटलं, "मग तुझ्या त्या डब्यालाच विचार ना!" तर म्हणते, "त्यालाच विचारलं, मामा." शेजारची मुलगी फिसकन हसली.

मी माझं स्टूल उचललं (लाकडी, माझं स्वतःचं, बसून बसून खळगा पडलेलं) आणि चार जिने चढून घरी आणलं. पुन्हा तिथे पाऊल ठेवणार नाही. तिला तसं कळव.

तुझा,
संतापलेला धाकटा

ता. क. स्टुलाला घरात जागा नाही. तुझी भावजय त्याला दोनदा ठेचकाळली. ती काय बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

दुसरा ता. क. नळी पेटीत ठेवून मी मास्तरांना बघायला गेलो होतो. त्यांनी डोळे उघडले. मी ओढ्याची कविता सुरू केली, तसे त्यांचे ओठ हलायला लागले. मग नावाड्याची म्हटली, मग पाचवीचं पुस्तक संपलं म्हणून सहावीचं धरलं. परतलो तेव्हा पाच तास झाले होते. आणि कोंबांचे गळे आवळलेले मला दिसले होते, अक्का. स्वच्छ दिसले होते. पण मास्तर नेहमीच्या औषधाने उठून बसावेत असं इतकं वाटत होतं, की सूक्ष्मदर्शकाच्या मिणमिणत्या दिव्याला दोष देऊन मोकळा झालो. स्टूल उचलण्याआधी मी गुपचूप दुसरी नळी लावली होती, भिंतीवरच्या घड्याळासमोर उभा राहून. अडीच तासांनी एकही कोंब नाही. हे तिला तू सांग. माझी जीभ उचलत नाही. आणि स्टूल खाली उतरवायला तिलाच पाठव. चिडल्यावर का होईना, "मामा" म्हणाली होती.

तिसरा ता. क. मास्तरांचा ताप नव्या औषधाने उतरला. आज उशीला टेकून बसले, मला ओढ्याची कविता म्हणायला लावली आणि मध्येच थांबवून म्हणाले, "तिसरं कडवं गाळलंस, गाढवा. तेव्हाही गाळायचास." म्हणजे चौतीस वर्षं माझा जांभळा रंग एक कडवं कमी! हे मात्र तिला सांगू नकोस.